सिमेंटचे शिंतोडे आणि गाडीचा रंग

नमस्कार मंडळी, कसे आहात सगळे? आज जरा वेगळा विषय घेऊन आलेय, पण सांगलीत सध्या ज्यांची गाडी दारात उभी असते ना त्यांना लगेच कळेल. जिकडे बघाल तिकडे बांधकाम चालू आहे. विश्रामबागेत आमच्या शेजारचा प्लॉट आठ वर्षं मोकळा होता, गेल्या एप्रिलमध्ये तिथं स्लॅब टाकला गेला, आणि माझी गाडी भिंतीलगतच उभी होती. गडद निळ्या रंगाची, पाच वर्षं हप्ते भरून घेतलेली. संध्याकाळी कामावरून आले तर बॉनेटवर, टपावर, काचेवर राखाडी ठिपकेच ठिपके, ज्वारीच्या दाण्याएवढे, काही तर हरभऱ्याएवढे. नखाने खरवडून बघितलं तर हलायलाच तयार नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी गाडी एका वॉशिंग सेंटरवर नेली आणि तिथल्या पोराने तारेची घासणी घेतली. मी थांब थांब म्हणेपर्यंत बॉनेटवर वीतभर जागेत ओरखडे उठले होते, ते आजही उन्हात दिसतात. मला त्या दिवशी रडू आलं होतं, खरं सांगते. म्हणून घासण्याआधी थोडं ऐका.

आपल्याला वाटतं सिमेंट वाळतं म्हणून घट्ट होतं, पण तसं नाहीये. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया करून घट्ट होतं, म्हणजे एकदा ते सेट झालं की परत कितीही पाणी ओतलं तरी विरघळत नाही, चिखलासारखं सुटत नाही. आपल्या भारतीय मानकांत साध्या सिमेंटला सेट व्हायला सुरुवात होण्याचा वेळ किमान 30 मिनिटं आणि पूर्ण सेट व्हायला जास्तीत जास्त 600 मिनिटं, म्हणजे दहा तास, असं दिलेलं आहे. त्यामुळे शिंतोडे उडताना दिसले तर तेव्हाच पाइप लावायचा आणि भरपूर पाणी मारायचं, फडकं अजिबात लावायचं नाही, एवढ्यातच बहुतेक काम होतं. आणि हो, काचेवर उडालं म्हणून वायपर चालू करू नका, वाळू काचेवर घासली जाते.

आता सेट झालेल्या ठिपक्यांचं काय. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर जो पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट म्हणतात, तो साधारण 40 ते 50 मायक्रॉनचा असतो. झेरॉक्सचा कागद असतो ना, तो 100 मायक्रॉनच्या आसपास, म्हणजे त्या कागदाच्या निम्म्या जाडीवर तुमच्या गाडीची चमक टिकलेली आहे. त्यावर ब्लेड चालवायचं, तारेची घासणी फिरवायची, सँडपेपर मारायचा, म्हणजे तो थरच काढून टाकायचा. वर सिमेंट स्वतः अल्कधर्मी, म्हणजे अ‍ॅसिडच्या उलट गुणाचं, ओलं असताना पीएच 12-13 पर्यंत जातो, त्यामुळे ते जितके दिवस बसेल तितका खाली डाग पडत जातो.

आमच्या ओळखीच्या गवंडीमिस्त्रींना मी विचारलं तर ते म्हणाले, "वहिनी, सिमेंटला साखर चालत नाय बघा, मालात साखर पडली तर जुळतच नाय." आणि हे खरंच आहे. तयार काँक्रीटची गाडी रस्त्यात अडकली तर आतला माल घट्ट होऊ नये म्हणून ड्रममध्ये साखर टाकतात. सेट झालेलं सिमेंट गाडीवरून सुटं करायची काही औषधंही उसाच्याच रसायनावर बनतात. आपल्या कारखानदारीच्या पट्ट्यात हे ऐकून मला मोठी गंमत वाटली. पण मी साखरेचं पाणी लावून बघितलं आणि जुन्या ठिपक्यांवर त्याने फारसा फरक पडला नाही, त्यामुळे त्याच्या भरवशावर बसू नका.

माझं काम झालं ते व्हिनेगरने. साधं पांढरं व्हिनेगर, किराणा दुकानात मिळतं ते, त्यात 4-5 टक्के अ‍ॅसेटिक अ‍ॅसिड असतं, अर्धं व्हिनेगर अर्धं पाणी. सकाळी लवकर, गाडी सावलीत आणि पत्रा गार असताना, जुना टॉवेल भिजवून ठिपक्यांवर अंथरायचा आणि दहा-पंधरा मिनिटं ओला ठेवायचा, वाळू द्यायचा नाही. सिमेंटमधल्या चुनखडीच्या भागावर अ‍ॅसिड काम करतं, बारीक फेस येतो, ठिपका मऊ होतो. आणि इथंच माझ्याकडून घाई होणार होती, ऐका हं. सिमेंट विरघळतं, पण त्यातली वाळू विरघळत नाही! ती मोकळी होते आणि तिथंच बसते, आणि आपण "सुटलं सुटलं" म्हणून टॉवेल ओढला की तीच वाळू रंगावर सँडपेपरसारखी फिरते. म्हणून टॉवेल सरळ वर उचलायचा, ओढायचा नाही, वाळू पाण्याच्या धारेने खाली पाडायची, आणि मगच दुसरा भिजवलेला टॉवेल. माझे तीन रविवार गेले यात, चौथ्या वेळेस मोठे ठिपकेही गेले. शेवटी गाडीच्या शाम्पूने सगळी गाडी धुवायची, व्हिनेगर रंगावर राहू द्यायचं नाही. क्रोमच्या पट्ट्या आणि अलॉयच्या व्हीलवर व्हिनेगर लावायचं टाळा. हातात रबरी मोजे घाला, सिमेंटचा ओला माल त्वचेलाही भाजतो, डोळ्यांना तर फारच वाईट.

कोणी तुम्हाला संडास धुवायचं अ‍ॅसिड लावायला सांगेल, लावू नका. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असतं, सिमेंट जाईल पण सोबत पत्र्याचं उघडं टोक, क्रोम, बिजागऱ्या असं सगळं गंजवेल.

एवढं करूनही हात फिरवला तर खरखर लागतेच. हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून गाडीवर फिरवून बघा, बोटांना न कळणारी खरखरही त्यातून कळते. तिथं क्ले बार वापरायचा, मातीच्या गोळ्यासारखी मऊ वडी असते, शाम्पूच्या पाण्याने भरपूर ओलं करून हलक्या हाताने सरळ रेषेत फिरवायचा. वडी खाली पडली तर फेकून द्या, परत वापरू नका, तिला माती लागलेली असते. काचेवरचे ठिपके मात्र साबणाच्या पाण्यात नवीन ब्लेड तिरकं धरून निघतात, पण हेडलाइटवर ब्लेड लावू नका, ते प्लॅस्टिक असतं.

माझ्या बॉनेटवर ठिपके गेल्यावरही पांढरट खुणा राहिल्या होत्या, त्या पॉलिशने बऱ्याच फिक्या झाल्या, दोन तशाच राहिल्या. कव्हरचं म्हणाल तर ते स्लॅबच्या आधी घाला, उडून गेल्यावर ओल्या शिंतोड्यांवर कव्हर टाकलं तर ते पसरून रंगाला चोळलं जातं. शेजारच्यांना परवा गिलाव्याचं काम सुरू करायचं होतं, काकू स्वतः येऊन सांगून गेल्या, मग मी गाडी दोन गल्ल्या सोडून माहेरच्या दारात लावून आले.