वडिलांच्या हाताखाली

मंडळी, सुतारकाम मी वडिलांच्या हाताखाली शिकलो. पण त्यांनी ते ‘शिकवलं’ असं म्हणताना माझी जीभ जरा अडखळते. समोर बसवून त्यांनी कधी काही सांगितलं नाही. ते रंधा मारायचे, मी भुसा गोळा करायचो आणि माझे कान त्यांच्याकडे असायचे.

रंध्याला आवाज असतो. पातं लाकडाच्या रेषांबरोबर चाललं की सलग सळसळ येते, पातळ साल वळत बाहेर पडते. रेषांच्या उलट गेलं की खरखर होते आणि तंतू उपटून निघतात. वडील पाठ करून बसलेले असले तरी माझी खरखर त्यांना ऐकू जायची. “फिरव.” एवढंच. म्हणजे फळी फिरवून घे. धारेचंही तेच. सहाणयंत्रावर धार लावताना पातं तापून निळं पडलं की ते नुसते बघायचे. पोलादाचं पाणी उतरलं, ही धार आता टिकायची नाही, हे मी त्या बघण्यावरून ओळखायला लागलो.

पण बापाच्या हाताखाली शिकण्यात एक गोची असते. पोराच्या हातून काम बिघडायला लागलं की बापाला राहवत नाही. पटाशी हातातून काढून घेतो, “सरक” म्हणतो आणि खाच स्वतःच पुरी करतो. खाच सुंदर होते, पण ती आपली नसते. परका उस्ताद निदान शिव्या देऊन आपल्याकडूनच करून घेतो!

इटलीतल्या क्रेमोनाचा व्हायोलिन घडवणारा आंतोनिओ स्त्रादिवारी १७३७ साली वारला, तेव्हा त्याचा मुलगा फ्रांचेस्को साठी उलटलेला होता. तो आणि त्याचा भाऊ ओमोबोनो, दोघंही वडिलांच्याच कारखान्यात राबले. वाद्यांवर चिठ्ठी वडिलांच्या नावाची. वडिलांमागे सहा वर्षांच्या आत दोघंही गेले. मला त्या व्हायोलिनपेक्षा या दोघांचंच जास्त कुतूहल वाटतं.

माझ्या वडिलांनी एकदाच हात आवरला. दाराच्या चौकटीत मधली फळी ते नेहमी सैल सोडायचे. मला तो ढिसाळपणा वाटायचा. एका दाराला मी चारही बाजूंनी सरस लावून फळी पक्की बसवली. लाकूड वाळताना रुंदीत आकसतं, लांबीत जवळजवळ नाही. कोरडी हवा सुरू झाली आणि फळीला जागा न मिळाल्यामुळे ती मधोमध तडकली. सरस लावताना त्यांनी मला पाहिलं होतं, हे मला त्या दिवशी कळलं. दार मीच उकललं, नवी फळी मीच बसवली. ते बाजूला बसून धार लावत होते.

आता माझी मुलगी माझ्या बाकावर कुसू, म्हणजे खाचेत बसणारं लाकडाचं टोक, कापते. परवा तिची करवत आखलेल्या रेघेच्या आत घुसताना दिसली. मी दोन्ही हात पाठीमागे धरले. तिला वाटलं, माझी पाठ दुखतेय.