कार्डाआधी एसएमपीएसचं लेबल वाचा

नमस्कार. तुमच्याकडून आलेल्या चिठ्ठ्या वाचल्या. बहुतेकांचा प्रश्न सारखाच आहे: घरी जुना पीसी आहे, पंधरा-वीस हजार जमवलेत, ग्राफिक्स कार्ड कोणतं घेऊ? माझं म्हणणं असं की आधी कॅबिनेटचं झाकण उघडा आणि एसएमपीएसवरचं, म्हणजे पीसीला वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायच्या डब्यावरचं, लेबल वाचा. तुमच्या मशीनला कोणतं कार्ड झेपेल, ते तिथे कळतं.

लेबलवर मोठ्या आकड्यात ४५० किंवा ५०० छापलेलं असतं. त्यावर थांबू नका, खालचा तक्ता बघा. त्यात ३.३ व्होल्ट, ५ व्होल्ट आणि १२ व्होल्ट अशा ओळी असतात. आजचा प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड, दोन्ही आपली जवळपास सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. म्हणून १२ व्होल्टसमोरचे अँपिअर बघा आणि त्यांना बाराने गुणा. ३६ अँपिअर असतील तर ४३२ वॅट झाले, म्हणजे तो खरोखर ४५० वॅटचा सप्लाय आहे. १६ अँपिअरच असतील, तर हातात १९२ वॅट आहेत, वर काहीही छापलेलं असो. कॅबिनेटसोबत फुकट येणाऱ्या सप्लायमध्ये हा दुसरा प्रकार सर्रास दिसतो. १२ व्होल्टच्या दोन ओळी असतील, तर दोघींचे अँपिअर सरळ मिळवू नका. दोघींची मिळून जी मर्यादा दिलेली असते, तीच खरी.

आता हिशेब करू. समजा आय३-१२१००एफ प्रोसेसर आहे आणि एएमडी कंपनीचं आरएक्स ६६०० हे ग्राफिक्स कार्ड घ्यायचं आहे. प्रोसेसर जास्तीत जास्त ८९ वॅट घेतो, कार्ड १३२. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांना ढोबळ ५० धरा. बेरीज २७१. मग एएमडी या कार्डासाठी किमान ४५० वॅटचा सप्लाय का सांगते? कारण कार्डाचा वापर एका पातळीवर राहत नाही, काही मिलिसेकंदांपुरता तो बराच वर उसळतो. हलका सप्लाय अशा वेळी बंद पडतो आणि गेम ऐन रंगात असताना पीसी रीस्टार्ट होतो. शिवाय स्वस्त सप्लायची क्षमता बऱ्याचदा २५ अंश तापमानाला मोजलेली असते, चांगल्यांची ४० किंवा ५० अंशांना. मे महिन्यात नागपुरात किंवा परभणीत बंद कॅबिनेटच्या आत काय तापमान असेल, विचार करा. तिथल्या माणसाने थोडी जास्त मोकळीक ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

सप्लायवर एटी प्लस (80 Plus) ब्राँझचा शिक्का असेल तर चांगला, पण तो सांगतो कार्यक्षमता, म्हणजे भिंतीतून घेतलेल्या विजेतली किती वाया जात नाही ते. संरक्षण किती आहे, हे तो सांगत नाही. ते वेगळं तपासा: ओव्हरकरंट, ओव्हरव्होल्टेज, शॉर्ट सर्किट ही संरक्षणं लिहिलेली हवीत. आणि वॉरंटी बघा. पाच वर्षांची देणाऱ्याला आपल्या मालावर भरवसा असतो.

आता ज्याची मला खरी काळजी वाटते, ते कनेक्टर. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, ६ पिनचा कनेक्टर आणखी ७५, ८ पिनचा १५०. सप्लायला कार्डासाठीची ८ पिनची पीसीआय एक्सप्रेस केबलच नसली, की दुकानात एक छोटा कन्व्हर्टर हातात ठेवतात. साटाच्या, म्हणजे हार्डडिस्क-एसएसडीला वीज देणाऱ्या, एका प्लगवरून ६ किंवा ८ पिन काढणारा कन्व्हर्टर कृपा करून घेऊ नका. साटा प्लगमध्ये १२ व्होल्टच्या तीन पिना असतात, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. सगळे मिळून ५४ वॅट होतात, आणि आपण त्यावर ७५ किंवा १५० लादतो. मग प्लग वितळतो, कधी पेटतोही. घरात मुलं रात्री पीसी चालू ठेवून झोपतात, म्हणून हे जीव तोडून सांगतोय. तसंच, मॉड्युलर, म्हणजे केबल काढता-घालता येणाऱ्या, सप्लायच्या केबल एका कंपनीच्या दुसऱ्याला लावू नका. प्लग बसतो, पण आतल्या तारांचा क्रम वेगळा असू शकतो आणि हार्डडिस्क जळते.

ऑफिसमधून निघालेले डेल, एचपीचे छोटे डेस्कटॉप स्वस्तात मिळतात, ते बऱ्याच जणांनी घेतले आहेत. त्यांत कंपनीचा स्वतःच्या मापाचा सप्लाय असतो, मदरबोर्डची जोडणीही अनेकदा नेहमीच्या २४ पिनची नसते. बाजारातला एसएमपीएस आणून बसवता येईल, असं गृहीत धरू नका. अशा मशीनसाठी स्लॉटवरच चालणारं कार्ड बघा. २०२४ मध्ये आलेलं आरटीएक्स ३०५०चं ६ जीबी मॉडेल ७० वॅटचं आहे, त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांना वेगळी केबल लागत नाही. कॅबिनेट अरुंद असेल तर लो-प्रोफाइल पट्टी (कार्ड कॅबिनेटला बसवायची आखूड पट्टी) मिळते का, ते विचारून घ्या. जीटीएक्स १६५०ही चालेल, फक्त त्याच्या काही आवृत्त्यांना ६ पिन लागते. खोक्यावरचा फोटो नीट बघा.

शेवटची चिठ्ठी यूपीएसची आहे. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. आपला मघाचा २७१ वॅटचा पीसी, कार्यक्षमता ८५ टक्के धरली तर, भिंतीतून सुमारे ३२० घेईल. त्यात मॉनिटर मिळवला की तुम्ही मर्यादेच्या काठावर आलात. गेमिंग करायचंच असेल तर १ केव्हीएचा (१००० व्हीएचा) घ्या, नाहीतर लाइट गेली की लगेच गेम बंद करून पीसी शटडाउन करा.