पान्हा, रेडिओ आणि आमची म्हैस

नमस्कार मंडळी. चहा झाला नसेल तर ठेवा गॅसवर, माझं बोलणं होईस्तोवर उकळेल.

आज सस्तन प्राण्यांबद्दल बोलायचंय. परवा भाचीचा फोन आला, म्हणे मामा, शाळेत विचारलं सस्तन म्हणजे काय, मी लिहिलं जे पिल्लांना जन्म देतात ते, बरोबर आहे ना? म्हटलं नाही बेटा, मार्क गेले. आपल्या कापसात निघते ती घोणस घ्या, ती अंडी बाहेर घालतच नाही, सरळ जिवंत पिल्लं देते, एका वेळी वीस-तीस सुद्धा. म्हणून घोणस काय सस्तन झाली का? आणि तिकडे ऑस्ट्रेलियात प्लॅटिपस आहे, तो अंडी घालतो अन् तरी सस्तनच. मग भाची म्हणे गरम रक्त? अगं कोंबडीचंही रक्त गरमच असतं की.

तर खूण एकच पक्की. दूध. परत सांगतो, दूध. जी मादी स्वतःच्या अंगात दूध तयार करून पिल्लाला पाजते ती सस्तन, मराठी शब्दातच सगळं आहे बघा, स-स्तन. म्हैस, उंदरी, वटवाघूळ, समुद्रातला देवमासा, अन् आपल्या घरातली आई, सगळ्या एकाच पंगतीत. सोबत दुसरी खूण म्हणजे अंगावर केस, देवमाशालासुद्धा निदान जन्माआधी तोंडाजवळ थोडे असतात. तिसरी आत लपलेली, कानात तीन बारकी हाडं. पक्ष्यांच्या अन् सापांच्या कानात त्या जागी एकच असतं, आपल्या कानातली जास्तीची दोन फार फार जुन्या पूर्वजांच्या जबड्यातून सरकत आलेली आहेत. हे बोलायला एक अख्खा दिवस लागेल, सोडून देतो.

स्वीडनचा कार्ल लिनियस म्हणून माणूस होता, त्याने आधी या गटाला चार पायांचे प्राणी असंच नाव दिलं होतं. मग देवमाशाचं काय करायचं? त्याला पाय कुठेत? १७५८ साली त्याने नाव बदललं, मॅमालिया ठेवलं, आणि ते लॅटिनमधल्या स्तनावरूनच घेतलेलं. म्हणजे आपला शब्द अन् त्याचा शब्द एकाच कासेला लागलेले.

बरं. दूध असतं एवढं पुरत नाही, ते सुटावं लागतं. त्याला आपण पान्हा म्हणतो. आता मी तुम्हाला आमच्या म्हशीची गोष्ट सांगतो, ज्यांनी माझ्याकडून आधी ऐकलीय त्यांनी तोवर भाजी निवडून घ्या.

आमचं गाव गिरणेच्या काठचं. खळ्यात एक जाफराबादी म्हैस होती, कपाळ हे एवढं मोठं, शिंगं खाली पडलेली, स्वभाव एकदम सासूबाईचा. धार काढायचं काम आबांचं, म्हणजे माझ्या आजोबांचं. आजीने हात लावला तर ती लाथ मारायची नाही, नुसती उभी राहायची अन् थेंब द्यायची नाही. आबांना मात्र रेडिओ लागायचा. सकाळी सहाच्या आत केंद्र सुरू होण्याआधी ती आकाशवाणीची धून वाजायची ना, तानपुरा अन् व्हायोलिन, तीच, वॉल्टर कॉफमन नावाच्या माणसाने १९३६ च्या सुमारास बांधलेली, ती लागली की आबा चरवी घेऊन खाली बसणार. रोज. वर्षानुवर्षं. शेवटी असं झालं की धून लागली की आबांचा हात लागायच्या आधीच म्हशीचे सड तटतटायला लागायचे.

मी तेव्हा पाचवीत. पोळ्याचे दिवस, रात्रभर पाऊस. आदल्या रात्री मी रेडिओतले सेल काढून बॅटरीत घातले होते, वडाखाली वटवाघळं बघायला, आणि परत घालायचे विसरलो. म्हणजे घातले, पण पार मेलेले. सकाळी आबांनी बटण फिरवलं, काहीच नाही. खर्रर्र सुद्धा नाही. सेल काढून हातात चोळले, तोंडाच्या वाफेने गरम केले, परत घातले, नाही. दुकान उघडायला अजून दोन तास अन् दुधाची गाडी पावणेसातला पाराजवळ येणार.

आबा बसले धार काढायला. म्हैस उभी. कास भरून फुगलेली, पण सडातून चार शिपकारे आले अन् बंद. आबांनी चुचकारलं, कास कोमट पाण्याने धुतली, वगारीला, म्हणजे तिच्या पिल्लाला, सोडून दोन घोट पिऊ दिले. म्हैस मान वळवून रेडिओकडेच बघत होती, हे मी शपथेवर सांगतो.

मग आबांनी जे केलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. सत्तरीचा माणूस, धोतर खोचलेलं, चरवी गुडघ्यात, डोळे मिटून तोंडाने ती धून म्हणायला लागला. आधी तानपुऱ्याची घूं, मग व्हायोलिनची टीं-टीं-टींऽऽ. बेसूर, पण मनापासून. मध्येच थांबून घसा साफ केला आणि खर्जात म्हणाले, ‘आकाशवाणीचं हे जळगाव केंद्र आहे, सकाळचे सहा वाजत आहेत.’ शेजारचे दोघं-तिघं दारात येऊन उभे. कोणी हसलं की आबा हाताने गप्प करायचे, केंद्र चालू आहे म्हणून.

अन् तिने पान्हा सोडला. पूर्ण नाही, निम्मा, पण सोडला. गाडी चुकली नाही.

आता यात जादू काही नाही. म्हशीच्या सडात तयार साठलेलं दूध फार थोडं असतं, गायीपेक्षाही कमी, बाकी सगळं वर कासेतल्या बारक्या पिशव्यांत अडकलेलं. पिल्लाचं तोंड लागलं, हात फिरला, किंवा रोजची ओळखीची खूण कानावर पडली की मेंदूखालच्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचा पदार्थ रक्तात येतो, रक्तातून कासेत पोचतो, त्या पिशव्यांभोवतालचे तंतू आवळतात आणि दूध खाली येतं. म्हणून मध्ये एक-दोन मिनिटं जातात. आणि काही मिनिटांतच त्याचा जोर ओसरतो, म्हणून धार पटपट काढायची. जनावर घाबरलं, बिथरलं, नवा माणूस आला की उलटं होतं, पान्हा चोरला म्हणतो ना आपण, ते हेच. चोरत बिरत नाही बिचारी, तिच्या हातात नसतं ते. बाळ पलीकडच्या खोलीत रडलं तरी आईचा पदर इकडे ओला होतो, तेही हेच. परत सांगतो, म्हशीला आणि बाईला पान्हा फुटायची रीत एकच.

काही लोक याच ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन रोज टोचतात. जनावराला अपाय करून दूध वाढवायला इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता कायद्यात गुन्हा आहे. त्यापेक्षा तोंडाने धून म्हणा हो.

आणि चीक, म्हणजे व्यायल्यावरचं पहिलं दूध. व्यायल्यावर पहिल्या काही तासांत वगारीच्या पोटात चीक गेलाच पाहिजे, कारण जन्मताना तिच्या रक्तात रोगाशी लढायचं सामान जवळपास नसतं, ते सगळं चिकातून मिळतं. आधी वगार, मग उरला तर आपला खरवस. हल्ली लग्नात चायना ग्रास घालून खरवस म्हणून वाढतात, पांढरी थरथरणारी वडी, त्याला खरवस म्हणणाऱ्याला मी पंगतीतून उठवीन. असो, भरकटलो.

प्लॅटिपसचं राहिलंच. त्या मादीला सड नसतात, दूध पोटाच्या कातडीवर पाझरतं अन् पिल्लं केसांतून चाटून घेतात. आता कोणी म्हणेल कबुतरही पिल्लांना दूध पाजतं, तर ते त्याच्या गळ्यातल्या पिशवीचं अस्तर सुटून होतं, नर-मादी दोघंही देतात. नावाला दूध, पण कास नाही. कबूतर पक्षीच.

आता त्या सकाळचं. आबा आयुष्यभर सांगत राहिले की म्हशीने रेडिओ ओळखला. आजीचं म्हणणं वेगळं. ती म्हणायची, हे टीं-टीं करत होते तेव्हा मी पाठीमागून गव्हाणीत सरकीची ढेप टाकली, म्हैस ढेपेला भुलली. मी तिथेच होतो, पण मी आबांकडे बघत होतो.

पुढे दोन वर्षांनी म्हैस पारोळ्याकडच्या एकाला विकली. आठव्या दिवशी तो परत, म्हणे म्हैस दूध देत नाही. आबा ओसरीवरून उठले, रेडिओ आहे का घरी, असं विचारणारच होते, तेवढ्यात आजी आतून ओरडली, ‘ढेप किती टाकस रे भो?’