ना राजा, ना तिजोरी: अमेरिकेचं पहिलं सरकार

नमस्कार मंडळी! अमेरिकेचं पहिलं सरकार कधी आलं? बहुतेक जण म्हणतील, 1789 मध्ये, वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष झाले तेव्हा. चूक! त्याआधी आठ वर्षं तिथे एक सरकार होतं, आणि त्याचे हाल कुत्रं खात नव्हतं.

आधी ब्रिटन आणि त्याच्या अमेरिकेतल्या वसाहतींचं भांडण काय होतं ते पटकन सांगते. फ्रान्सशी लढून ब्रिटन जिंकलं, पण कर्जबाजारी झालं. मग अमेरिकेतल्या सैन्याचा खर्च तिथल्याच वसाहतींनी उचलावा म्हणून 1765 मध्ये स्टॅम्प अ‍ॅक्ट आला. वर्तमानपत्रावर कर, करारपत्रावर कर, अगदी पत्त्यांच्या कॅटवरसुद्धा! ज्या पार्लमेंटमध्ये आमचा एकही माणूस नाही, तिने आमच्या खिशात हात का घालावा, म्हणून लोक भडकले. 16 डिसेंबर 1773 ला बॉस्टन बंदरात चहाच्या 342 पेट्या पाण्यात गेल्या. चहा कुणाचा? आपल्या जुन्या ओळखीच्या ईस्ट इंडिया कंपनीचा.

1775 ला बंदुका निघाल्या, 4 जुलै 1776 ला स्वातंत्र्याचा जाहीरनामा झाला, आणि ऑक्टोबर 1781 मध्ये यॉर्कटाऊनला ब्रिटिश सेनापती कॉर्नवॉलिस शरण आला. हो, तोच कॉर्नवॉलिस. पाच वर्षांनी गव्हर्नर-जनरल होऊन इकडे आला आणि पुढे मराठ्यांना सोबत घेऊन टिपूवर चालून गेला.

आता सरकारकडे या. 'आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन', म्हणजे वसाहतींच्या झालेल्या तेरा राज्यांनी एकत्र चालायचे नियम, 1 मार्च 1781 ला लागू झाले. राजाचा धसका इतका, की राष्ट्राध्यक्षच ठेवला नाही. राज्य लहान असो की मोठं, मत एकच. आणि काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या प्रतिनिधींच्या सभेला, कर बसवायचा अधिकार नाही! राज्यांकडे वर्गणी मागायची, देतील ते घ्यायचं. गणपतीची वर्गणी निदान शेजाऱ्याच्या लाजेखातर तरी मिळते. इथे तीही सोय नाही. आयात मालावर पाच टक्के जकात लावू द्या, अशी विनवणी झाली. पण नियम बदलायला तेराच्या तेरा राज्यांचा होकार हवा. 1782 मध्ये चिमुकल्या ऱ्होड आयलंडने नकार दिला. झालं, विषय संपला.

पुढच्या जूनमध्ये थकलेल्या पगारासाठी सैनिकांनीच फिलाडेल्फियात काँग्रेसच्या इमारतीला वेढा घातला. प्रतिनिधी गाव सोडून प्रिन्स्टनला गेले.

माझा सगळ्यात आवडता किस्सा मात्र त्या हिवाळ्यातला. ब्रिटनशी पॅरिसला तह झालाय, सहा महिन्यांत मंजुरी पोचवायचीय. ॲनापोलिसमध्ये काँग्रेस भरली. नऊ राज्यं हवीत, हजर सात! जिंकलेल्या युद्धाचा कागद पडून आहे, कारण कोरम भरत नाही. सातांवरच भागवू, असंही काही जण म्हणाले. जाहीरनामा लिहिणाऱ्या जेफरसनने ते होऊ दिलं नाही. तिकडे दक्षिण कॅरोलिनाचा एक प्रतिनिधी फिलाडेल्फियात आजारी पडलेला. तो आला, कनेक्टिकटचीही भर पडली, तेव्हा कुठे 14 जानेवारी 1784 ला मंजुरी मिळाली. कागद युरोपात पोचेपर्यंत मुदत उलटून गेली होती! ब्रिटिशांनी खळखळ केली नाही, हे नशीब.

1786 मध्ये मॅसॅच्युसेट्सचे कर्जात पिचलेले शेतकरी हत्यारं घेऊन उठले. काँग्रेसकडे फौज उभी करायला पैसा नव्हता. बंड मोडायला बॉस्टनच्या व्यापाऱ्यांनी खिशातून पैसे दिले.

मग 1787 च्या उन्हाळ्यात फिलाडेल्फियात बंद दाराआड बैठक बसली. नेमून दिलेलं काम होतं जुन्या नियमांची डागडुजी. बाहेर आली ती नवीकोरी राज्यघटना. ऱ्होड आयलंडने तिथे माणूसच पाठवला नाही. ती घटना त्याने मान्य केली 29 मे 1790 ला, वॉशिंग्टन खुर्चीत बसून वर्ष उलटल्यावर.