आईचं जुनं वॉशिंग मशीन अजून चालतं आणि माझं नवीन सहाव्या वर्षी बंद का पडलं?

नमस्कार मंडळी. हे माझ्या हातात जे आहे ना, पांढरं प्लॅस्टिकचं, मागून लाल-पिवळ्या वायरी लोंबतायत, हा आईच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचा टायमर आहे. नाशिकच्या घरी 1998 साली घेतलेलं मशीन. ऐका जरा, फिरवतो... कर्रर्र, आणि आता टिक टिक टिक. आत्ता ह्याला लाईट जोडलेली नाहीये बरं का, तरी चालतोय, कारण आत घड्याळासारखी चावीची स्प्रिंग आहे. नॉब फिरवला की स्प्रिंग भरते, मग ती हळूहळू सुटत जाते आणि आतल्या चकत्या फिरवते, त्या चकत्यांना खाचा आहेत, एका खाचेवर पत्ती टेकली की मोटर उजवीकडे फिरते, पुढे गेली की थांबते, आणखी पुढे गेली की डावीकडे. संपलं. एवढंच डोकं आहे त्या मशीनला, आणि ते डोकं गेलं तर दोन-तीनशे रुपयात दुसरं मिळतं. आईच्या मशीनमध्ये आत्ता बसलाय तो चौथा. बेल्ट दोनदा बदलला, ड्रेनचा रबर किती वेळा ते आठवत पण नाही, कपडे वाळवायच्या बाजूचा कॅपॅसिटर गेला होता तो गल्लीतल्या इलेक्ट्रिशियन काकांनी चहा थंड व्हायच्या आत बसवला.

आता हे बघा. हा इलेक्ट्रॉनिक सर्किटचा बोर्ड, म्हणजे नवीन मशीनचं डोकं. माझ्या स्वतःच्या फ्रंट लोडचा. ह्याच्यावर हे जे पारदर्शक, जेलीसारखं ओतलंय ते कॅमेऱ्यात दिसतंय का, थांबा जवळ आणतो. मशीन सहा वर्षांचं होतं, पावसाळ्यात एका रात्री लाईट चार-पाच वेळा गेली आली, सकाळी बटण दाबलं तर काहीच नाही. कंपनीचा माणूस आला, कुठली कंपनी ते सांगत बसत नाही, त्याने दहा मिनिटात सांगितलं की बोर्ड गेलाय, साडेसात हजार, यायला तीन आठवडे, आणि मग हळूच म्हणाला सर एक्सचेंजमध्ये देऊन टाका. अहो पण ड्रम आरशासारखा चकचकीत, मोटर धडधाकट, दरवाजाचा रबर सुद्धा नीट! एका तळहाताएवढ्या वस्तूसाठी सत्तर किलोचं मशीन भंगारात द्यायचं, मला खरंच फार वाईट वाटलं, आणि म्हणूनच हा व्हिडिओ.

आता तुम्ही म्हणाल जुनं ते सोनं, पूर्वीच्या वस्तू दणकटच असायच्या. हे अर्धंच खरं आहे. कारण 1998 साली घेतलेली जी मशीन चौथ्या वर्षी गंजून गेली ती कधीच भंगारवाल्याकडे गेली, ती आज आपल्याला दिसतच नाहीत, दिसतात ती फक्त टिकलेली. पण म्हणून सगळा आपल्या मनाचाच खेळ आहे असंही नाही हां. जर्मनीत तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याने ह्याचा अभ्यास करून घेतला होता, त्यात मोठी घरगुती उपकरणं पाच वर्षांच्या आत बिघाडामुळे बदलावी लागण्याचं प्रमाण 2004 ला 3.5 टक्के होतं ते 2012 ला 8.3 टक्के झालं. दुपटीच्या वर. आणि नॉर्वेतल्या संशोधकांनी त्यांच्या देशातल्या उपकरणांचा कितीतरी दशकांचा हिशोब मांडला तर फ्रीजचं आयुष्य फारसं बदललेलं नाही, पण वॉशिंग मशीनचं 19 वर्षांवरून साधारण 11 वर आलं. त्यांनीच पुढे हेही सांगितलं की लोक आता पूर्वीपेक्षा खूप जास्त वेळा मशीन लावतात. म्हणजे वर्षं मोजली तर मशीन लवकर गेलं, पण धुणी मोजली तर जवळपास तेवढंच काम करून गेलं. आपल्याकडे पण बघा ना, आई अजून कॉलर आणि पँटची मोहरी आधी हाताने घासते आणि दोन दिवसाचे कपडे साठवून मग मशीन लावते, माझ्याकडे रोज एक लोड, रविवारी दोन.

मग फरक नक्की कुठे आहे? माझं मत सांगतो, फरक बिघडण्यात कमी आणि दुरुस्त होण्यात जास्त आहे. आईचं मशीन सुद्धा बिघडलंच की, आठ-दहा वेळा बिघडलं, आपण त्याला बिघडणं म्हणत नाही कारण ते त्याच दिवशी चालू झालं.

बेअरिंगचं घ्या. फ्रंट लोडमध्ये ड्रमच्या मागे एक ॲल्युमिनियमचा तीन पायांचा स्पायडर असतो, त्याचा दांडा दोन बेअरिंगमध्ये फिरतो आणि पुढे पाणी अडवायला एक रबरी सील असतं. आधी सील झिजतं, मग पाणी आत शिरतं, ग्रीस धुवून जातं, बेअरिंग गंजतं, आणि मग स्पिनला विमान उडाल्यासारखा आवाज यायला लागतो, ज्यांच्या घरी झालंय त्यांना लगेच कळलं असेल. 6205, 6206 असल्या नंबरची साधी बेअरिंग असतात, मोटारसायकलवाल्यांना पण हे नंबर पाठ, दुकानात काही शे रुपयात मिळतात. पण बऱ्याच नवीन मशीनमध्ये बाहेरचा प्लॅस्टिकचा टब दोन भाग स्क्रूने जोडून न करता वेल्ड करून टाकलेला असतो, तो उघडतच नाही! मग काही शे रुपयांच्या बेअरिंगसाठी अख्खा टब बदला, ड्रमसकट. काही हुशार मेकॅनिक टब करवतीने कापतात, बेअरिंग बदलतात आणि सिलिकॉन लावून बाहेरून स्क्रू मारून परत जोडतात, मी बघितलंय, दोन वर्षं झाली ते मशीन चालतंय.

बोर्डावरच्या ह्या जेलीबद्दल मात्र उगाच वाईट बोलणार नाही. आपल्या बाथरूमजवळची ओल, मुंग्या, झुरळं, पाली, ह्या सगळ्यांपासून तीच बोर्डाला वाचवते. फक्त एक वीस रुपयांचा पार्ट उडाला तर तो काढायला आधी ती खरवडत बसावं लागतं, त्यामुळे बहुतेक जण हातच लावत नाहीत. आणि नवीन मशीनचं चांगलं ते चांगलंच, पाणी कमी लागतं, कपडे कमी झिजतात, इन्व्हर्टर मोटरमध्ये घासून झिजणारे कार्बनचे ब्रश नसल्यामुळे कार्बन बदलायची भानगडच नाही. आईला मी तिचं मशीन ठेव म्हणतो, पण दोन बाजूंना कपडे उचलून टाकताना तिची कंबर धरते हे मला दिसतं.

युरोपमध्ये 1 मार्च 2021 पासून नियम आहे की मॉडेल बाजारातून बंद झाल्यावर सुद्धा 10 वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत. पण गंमत बघा, त्याच नियमात ड्रम, स्पायडर आणि बेअरिंग हे सुटे दिले तरी चालतील आणि एकत्र दिले तरी चालतील असं आहे, म्हणजे जिथे दुखतं नेमकं तिथेच सवलत! आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 2022 मध्ये राईट टू रिपेअरसाठी, म्हणजे दुरुस्तीच्या हक्कासाठी, समिती नेमली, पोर्टल पण काढलं, तिथे कंपन्यांची दुरुस्तीची माहिती आणि सुट्या भागांची माहिती एका जागी मिळावी असा हेतू आहे, एकदा उघडून आपली कंपनी शोधा.

घरी काय करायचं ते पटकन. बोअरचं पाणी असेल तर महिन्यातून एकदा क्षार काढायची पावडर टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर चालवा. साबण मोजून, झाकणभर जास्त टाकल्याने कपडे जास्त स्वच्छ होत नाहीत, तो थर स्पायडरवर बसून धातू खातो. धुणं झालं की मेन स्विच बंद, नुसतं मशीनचं बटण नाही, माझा बोर्ड ह्याच चुकीने गेला असं मला वाटतं. आणि खालून उंदीर शिरणार नाही एवढी जाळी.

आणि नवीन घ्यायला गेलात की सेल्समन तुम्हाला वायफाय दाखवेल, स्टीम दाखवेल, ते सगळं बघा. मग त्याला दोन गोष्टी विचारा, ह्या मॉडेलचा बोर्ड वॉरंटी संपल्यावर कितीला मिळतो, आणि बेअरिंग सुटं बदलता येतं का अख्खा टब घ्यावा लागतो. त्याला माहीत नसणार. तिथूनच सर्व्हिस सेंटरला फोन लावायला सांगा, आणि उत्तर येईपर्यंत कार्ड पाकिटातच ठेवा.