कर्ता गेला कुठे?

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सभागृहात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, 'व्याकरण, संदर्भ आणि अर्थ'. सुरुवात व्याकरणापासून करतो, कारण त्याच्यावर फार अन्याय झालाय. व्याकरण म्हटलं की आपल्याला 'प्रयोग ओळखा' हा मार्कांचा प्रश्न आठवतो. दादोबा पांडुरंगांचं व्याकरण १८३६ साली आलं, मोरो केशव दामल्यांचं १९११ साली. या माणसांनी आयुष्य घातलं ते मार्कांसाठी नाही. वाक्यात कोण काय करतंय आणि त्याची जबाबदारी कोणाची, याचा हिशेब भाषा कसा ठेवते, ते त्यांना दाखवायचं होतं.

एक साधं वाक्य घ्या. 'तू पोळी खाल्लीस.' क्रियापद नीट ऐका. 'खाल्ली' का, तर पोळी स्त्रीलिंगी. भात असता तर 'खाल्लास', लाडू असते तर 'खाल्लेस'. म्हणजे क्रियापद कर्माप्रमाणे बदलतंय. मग शेवटचा तो 'स' कोणाचा? तो तुझा! क्रियापदाने एका हाताने पोळी धरलीय आणि दुसऱ्या हाताने खाणाऱ्याची कॉलर. हिंदीत 'तूने रोटी खाई' म्हटलं की क्रियापद रोटीशी जुळतं आणि थांबतं. मराठी थांबत नाही. 'तू' गाळला तरी 'लाडू खाल्लेस ना?' एवढ्यावर घरातलं पोर ओळखतं की बोट आपल्याकडे आहे. मला या 'स'चा फार अभिमान आहे.

आता याच्या उलट टोकाला जाऊ. 'काच फुटली', 'माझ्याकडून काच फुटली', 'मी काच फोडली'. घटना एकच, काचही तीच. पहिल्या वाक्यात माणूसच नाही. दुसऱ्यात आहे, पण त्याचा इरादा नाही. तिसऱ्यात दोन्ही आहेत. फुटणं-फोडणं, तुटणं-तोडणं, पडणं-पाडणं, सुटणं-सोडणं, अशा जोड्या मराठीत भरपूर आहेत आणि शाळेत जायच्या आधीच मुलांना त्या अचूक येतात. कुठलंही मूल आधी 'फुटली' म्हणतं. 'फोडली' हे त्याच्याकडून वदवून घ्यावं लागतं.

इथे मला एक हकिकत सांगायचीय. थोडी लांबेल, पण माझा सगळा मुद्दा तिच्यातच आहे.

आम्ही घोडबंदर रोडला राहतो. मागच्या उन्हाळ्यात आमच्याकडे सलग दोन दिवस पाणी आलं नाही. तलावांचं शहर म्हणवणाऱ्या ठाण्यात टँकरसाठी रांग लागते, हा वेगळ्या व्याख्यानाचा विषय आहे, तो आज नको. तिसऱ्या दिवशी एका कार्यालयाची सूचना आली. मी ती जपून ठेवलीय, वाचतो. 'तांत्रिक कारणास्तव पाणीपुरवठा बंद ठेवण्यात आला होता. पुरवठा पूर्ववत करण्यात येत आहे. झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे. नागरिकांनी सहकार्य करावे.'

बंद कोणी ठेवला? माहीत नाही. पूर्ववत कोण करतंय? माहीत नाही. दिलगिरी कोणाला वाटतेय? अहो, दिलगिरीसुद्धा कोणाची नाही! पाणी माणसाशिवाय बंद होऊ शकतं, पाइप फुटतो, मोटर जळते. पण माणसाशिवाय दिलगिरी कशी वाटेल? 'ण्यात येणे' या रचनेची हीच खुबी आहे. तिच्यात कर्त्यासाठी खुर्चीच मांडलेली नसते. आता शेवटचं वाक्य पुन्हा ऐका. 'नागरिकांनी सहकार्य करावे.' इथे मात्र 'नी' लावून कर्ता हजर! चार वाक्यांच्या सूचनेत काहीतरी करणारी माणसं कोण, तर फक्त आपण, म्हणजे ज्यांच्या घरी पाणी नव्हतं ते.

मी पत्र लिहिलं, 'पाणी कोणी बंद ठेवलं आणि का?' उत्तर आलं, 'आपल्या पत्राची नोंद घेण्यात आली आहे.' दुसरं पत्र लिहिलं. उत्तर, 'उचित कार्यवाही करण्यात येत आहे.' शेवटी मी स्वतः गेलो. तिथले गृहस्थ भले होते. त्यांनी मला बसवलं, चहा मागवला आणि म्हणाले, 'काका, आमचा चावीवाला रजेवर गेला. बदली माणसाला कुठला व्हॉल्व्ह कधी उघडायचा ते कोणी सांगितलं नव्हतं. मी सांगायला हवं होतं. आता मी तक्ता करून भिंतीवर लावलाय.' कर्ते मोजा. चावीवाला, बदली माणूस, कोणी, मी, पुन्हा मी. माझा राग तिथल्या तिथे उतरला. तोच माणूस, तीच घटना. बोलताना त्याला प्रत्येक कर्ता आठवत होता, कागदावर एकही नाही. त्याचा स्वभाव खोटा नाही, त्याच्या हातात दिलेली रचना खोटी आहे. याचं मला मनापासून वाईट वाटतं. चांगल्या माणसाला चांगलं दिसू न देणारी ही मराठी आपण दप्तरात रुजवलीय.

वेळेची चिठ्ठी आली. दहा मिनिटं आहेत म्हणतात. मग संदर्भाचं भरभर सांगतो.

कोणी म्हणेल, कर्ता गाळणं वाईटच का? मुळीच नाही. पाहुण्याच्या हातून कप फुटला तर घरची बाई 'तुम्ही फोडलात' म्हणत नाही, 'फुटला, जाऊ दे' म्हणते. तिथे कर्ता गाळणं ही माया आहे. '१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे रेल्वे सुरू करण्यात आली' हेही चालेल, तिथे गाडी महत्त्वाची. रचना तीच, पण बोलतंय कोण यावर तिचा अर्थ फिरतो. ज्याचं नुकसान झालं त्याने कर्ता गाळला तर ती क्षमा. ज्याने नुकसान केलं त्याने गाळला तर ती पळवाट.

हे आपल्या पूर्वजांना पक्कं ठाऊक होतं. संस्कृत व्याकरणकार भर्तृहरीने 'वाक्यपदीय' या ग्रंथात अर्थ ठरवणाऱ्या गोष्टींची यादीच दिलीय, साहचर्य म्हणजे सोबत, विरोध म्हणजे वैर, प्रकरण म्हणजे प्रसंग, वगैरे. 'रामलक्ष्मण' म्हटलं की राम दशरथाचा, सोबतीवरून कळतं. 'रामार्जुन' म्हटलं की राम म्हणजे परशुराम आणि अर्जुन म्हणजे त्याचा वैरी राजा कार्तवीर्य, वैरावरून कळतं. 'सैंधव आण' हे जेवताना म्हटलं तर मीठ, प्रवासाला निघताना म्हटलं तर घोडा. आपलं रोजचं 'आपण' घ्या. 'आपण जाऊ' म्हणजे तुम्ही-मी मिळून, 'आपण बसावं' म्हणजे समोरचे आदरणीय, आणि रिक्षा स्टँडवर 'आपण नाय घाबरत' म्हणजे तो एकटा! अर्धं काम क्रियापद करतं, अर्धं प्रसंग. शब्दांचं वाक्य कसं जुळतं हे सांगणारी, मीमांसा या जुन्या दर्शनाच्या पंडितांची आकांक्षा, योग्यता आणि संनिधी ही त्रयीही सांगायची होती. ती राहिली.

शेवटचं एक मिनिट. त्या सूचनेचा मी मसुदा केलाय. 'आमचे कर्मचारी रजेवर असताना आम्ही बदली माणसाला माहिती दिली नाही, म्हणून दोन दिवस तुम्हाला पाणी मिळालं नाही. आम्ही दिलगीर आहोत. उद्या सकाळी सहा वाजता पाणी सोडू.' खाली सही आणि हुद्दा. याच्या प्रती दाराशी टेबलावर ठेवल्यात. एकेक घेऊन जा आणि आधी आपापल्या सोसायटीच्या सेक्रेटरींना द्या, कारण लिफ्टजवळच्या फळ्यावरही 'लिफ्ट बंद ठेवण्यात येईल' असंच लिहिलेलं असतं.