पेशींना पाजलेला चहा

नमस्कार. सभागृहात येण्याआधी बाहेर तुम्ही सगळ्यांनी चहा घेतलाय, म्हणून चहाने कॅन्सर टळतो का, याचा निकाल आधीच सांगून टाकते. त्या कपाने तुमचं काही बिघडलेलं नाही आणि कॅन्सरपासून तुमचं रक्षणही झालेलं नाही. आता हे मी कशाच्या जोरावर म्हणते, एवढंच सांगायचं उरलंय.

गोष्ट सुरू होते जपानमधल्या शिझुओका प्रांतात. तिथे चहाचे मळेच मळे. १९८०च्या दशकात तिथल्या संशोधकांच्या लक्षात आलं की, चहा पिकवणाऱ्या भागात पोटाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू कमी आहेत. त्याच सुमारास, १९८७ साली, संशोधक हिरोता फुजिकी आणि सहकाऱ्यांनी हिरव्या चहातला ईजीसीजी नावाचा घटक उंदरांच्या त्वचेवर लावून पाहिला, आणि गाठी कमी झाल्या. मग सैतामा प्रांतात ८,५५२ लोकांची पाहणी झाली. दिवसाला दहाहून जास्त कप हिरवा चहा पिणाऱ्यांना कॅन्सर उशिरा होतो असं दिसलं. त्यांचा कप लहान असतो, तरी दहा कप म्हणजे दहा कप! यानंतर जगभर 'ग्रीन टी'ची जी लाट आली, ती आपल्या किराणा दुकानापर्यंत पोचली.

इथे थोडं रसायन सांगावं लागेल. हिरवा चहा आणि आपली चहा पावडर एकाच झाडाची. जपानमध्ये पानं खुडल्यावर लगेच वाफवतात, त्यामुळे पानातलं एन्झाइम, म्हणजे रासायनिक बदल घडवणारं प्रथिन, निकामी होतं आणि कॅटेचिन नावाची द्रव्यं तशीच राहतात. ईजीसीजी हे त्यांतलंच. काळ्या चहासाठी पानं चुरडून हवेत ठेवतात. आपली दाणेदार सीटीसी पावडर तशीच बनते. एन्झाइम कामाला लागतं, बरीचशी कॅटेचिन्स एकमेकांना जोडली जातात आणि थिआफ्लेविन, थिआरुबिजिन अशी नवी द्रव्यं तयार होतात. चहाचा तांबूस रंग त्यांचाच. म्हणजे हिरव्या चहाबद्दलचं प्रत्येक विधान उचलून आपल्या अमृततुल्याला लावता येत नाही. काळ्या चहातल्या पॉलिफिनॉल्सवर (कॅटेचिन, थिआफ्लेविन ही याच गटातली) आपल्या खारघरच्या कर्करोग संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये उंदरांवर बरंच काम झालंय, आणि तंबाखूतल्या कॅन्सरकारक रसायनांपासून उंदरांना काही प्रमाणात संरक्षण मिळतं असं त्यात दिसलंय. पण उंदरांत.

आता प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीकडे या. 'ईजीसीजीने कॅन्सरच्या पेशी मारल्या' अशी बातमी तुम्ही वाचता, तेव्हा त्या पेशींना किती ईजीसीजी दिलं होतं हे बातमीत नसतं. बहुतेक प्रयोगांत ते वीस ते शंभर मायक्रोमोलर असतं. मायक्रोमोलर म्हणजे द्रवात एखादं द्रव्य किती विरघळलंय ते मोजायचं एकक. तुम्ही-आम्ही दोन-तीन कप हिरवा चहा प्यायल्यावर रक्तातली पातळी एक मायक्रोमोलरच्याही खाली राहते, आणि तीही काही तासांत ओसरते. आतड्यातून फारसं शोषलंच जात नाही, जे शोषलं जातं त्याचं बरंचसं रूप यकृत बदलून टाकतं. म्हणजे बशीतल्या पेशींना जो चहा पाजला, तो माणसाच्या पेशींना कधी मिळतच नाही. त्यात आणखी एक गंमत आहे. पेशी ज्या द्रवात वाढवतात त्यात ईजीसीजी टिकत नाही, त्याचं ऑक्सिडीकरण होऊन हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं. काही प्रयोगांत पेशी मेल्या त्या चहाने की पेरॉक्साइडने, हा वाद उगीच झालेला नाही.

थेट लावता येतं तिथे मात्र कॅटेचिन्स कामाची आहेत. गुप्तांगावरच्या चामखिळींसाठी हिरव्या चहाच्या अर्काचं मलम अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना परवानगी देणाऱ्या संस्थेने, २००६ साली मंजूर केलं. मलमात मात्रा भरपूर आणि तीही नेमक्या जागी. या चामखिळी एचपीव्ही विषाणूमुळे होतात, पण त्या विषाणूचे बहुतेककरून वेगळे प्रकार, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे नव्हेत. तेव्हा हेही कॅन्सर-प्रतिबंधाचं औषध झालं नाही.

परत माणसांकडे येऊ. २००१ साली जपानच्याच मियागी प्रांतातला अभ्यास प्रसिद्ध झाला. २६,३११ लोक, वर्षानुवर्षं पाठपुरावा. हिरव्या चहाचा आणि पोटाच्या कॅन्सरचा काही संबंध निघाला नाही. मग आधीच्या काही अभ्यासांत का निघाला होता? त्यांतले पुष्कळसे अभ्यास आजार झाल्यावर रुग्णाला 'तुम्ही चहा किती प्यायचात?' असं विचारून केलेले. आता विचार करा, ज्याच्या पोटात वर्षभर जळजळतंय, तो चहा कमी करणारच. कागदावर मात्र उलटं दिसतं: हा चहा कमी प्यायला म्हणून याला कॅन्सर झाला! मियागीत आधी सवयी नोंदवल्या आणि मग वाट पाहिली. त्याच प्रांतातल्या चाळीस हजार लोकांच्या दुसऱ्या पाहणीत, २००६ साली, हिरवा चहा पिणाऱ्यांत हृदयविकाराने व पक्षाघाताने होणारे मृत्यू कमी दिसले, कॅन्सरचे नाहीत. वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०२०च्या आढाव्यात १४२ अभ्यास होते, माणसं अकरा लाखांच्या वर. निष्कर्ष एवढाच की पुराव्यात एकवाक्यता नाही.

सगळ्यात शिकवणारी गोष्ट प्रोस्टेटची, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची. इटलीत साठ पुरुष निवडले, ज्यांच्या बायोप्सीत, म्हणजे तपासणीला काढलेल्या तुकड्यात, कॅन्सरच्या आधीचे बदल दिसले होते. निम्म्यांना वर्षभर रोज ६०० मिलिग्रॅम कॅटेचिन्स, निम्म्यांना बिनऔषधाच्या गोळ्या. वर्षाअखेरीला चहाच्या गटात एकाला कॅन्सर, दुसऱ्या गटात नऊ जणांना. २००६ साली हे छापून आलं तेव्हा मीही वर्गात उत्साहाने शिकवलं, आणि का शिकवू नये? प्रयोग नीट आखलेला होता. मग २०१५ साली अमेरिकेत फ्लोरिडाच्या संशोधकांनी तसाच प्रयोग ९७ पुरुषांवर केला, रोज ४०० मिलिग्रॅम ईजीसीजी देऊन. चहाच्या गटात ४९ पैकी पाच, दुसऱ्यात ४८ पैकी नऊ. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो. लहान प्रयोगात दोन-चार माणसं इकडची तिकडे झाली की निकाल फिरतो. पहिला प्रयोग ज्यांनी वाचला त्यांतल्या कितीजणांनी दुसरा वाचला, हा प्रश्न मला सतावतो. आजही गोळ्यांच्या जाहिराती पहिल्याच्याच जोरावर चालतात.

'वनस्पतीतलं आहे, फायदा नाही झाला तर तोटा तरी काय?' असं मला नेहमी विचारतात. त्यांना मी फिनलंडचा प्रयोग सांगते. गाजरातलं बीटा-कॅरोटीन. फळं-भाज्या जास्त खाणाऱ्यांना फुप्फुसाचा कॅन्सर कमी होतो, त्यांच्या रक्तात बीटा-कॅरोटीन जास्त असतं, म्हणजे काम तेच करत असणार, असा सरळ हिशेब होता. फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर तो तपासला. १९९४ साली निकाल आला: बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर १८ टक्क्यांनी जास्त! अमेरिकेतल्या दुसऱ्या प्रयोगातही तेच दिसू लागलं आणि तो ठरलेल्या मुदतीच्या २१ महिने आधी थांबवावा लागला. गाजर वाईट नव्हतं. गाजरातून एक रेणू काढून, त्याची मोठी मात्रा सिगारेट ओढणाऱ्या माणसाला देणं वाईट होतं. चहाच्या अर्काच्या गोळ्यांचंही तसंच आहे. रोज ८०० मिलिग्रॅम किंवा जास्त ईजीसीजी गोळ्यांतून घेतलं तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१८ साली नोंदवलं.

हळदीबद्दल चिठ्ठी आली आहे. थोडक्यात सांगते. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने १९९२ साली सोळा धूम्रपान करणाऱ्यांना महिनाभर रोज दीड ग्रॅम हळद दिली. त्यांच्या लघवीतली जनुकांना इजा करणारी द्रव्यं घटली. चांगला प्रयोग, पण लघवीतली खूण घटणं आणि कॅन्सर टळणं यांत फार अंतर आहे, आणि हळदीतलं मुख्य द्रव्य कर्क्युमिन तर ईजीसीजीपेक्षाही कमी शोषलं जातं. भाजीत घाला, गोळ्यांवर पैसे घालवू नका.

आता चहातली जी गोष्ट मला खरोखर काळजीची वाटते, ती कुठल्या रेणूची नाही. ती तापमानाची आहे. इराणच्या ईशान्येला गुलिस्तान प्रांत आहे. तिथे अन्ननलिकेचा कॅन्सर जगात सर्वाधिक असलेल्या भागांपैकी एक, आणि तंबाखू-दारू मात्र फारशी नाही. चहा काळा, दिवसाला लिटरभर. संशोधकांनी काय केलं पाहा. समोर दोन कप ताजा चहा ओतायचा, एकात थर्मामीटर. पारा ७५ अंशांवर आला की दुसऱ्या कपातला घोट घ्यायला सांगायचं: 'एवढा गरम पिता?' नाही म्हणाला तर ७० पर्यंत थांबायचं, मग ६५. माणसाच्या सांगण्यावर नाही, जिभेवर विश्वास ठेवला. पन्नास हजार लोकांच्या पाठपुराव्यातून २०१९ साली दिसलं की, ६० अंशांहून गरम चहा दिवसाला ७०० मिलिलिटरपेक्षा जास्त पिणाऱ्यांत हा कॅन्सर, त्याहून कमी गरम आणि कमी चहा पिणाऱ्यांच्या तुलनेत, सुमारे ९० टक्के जास्त. त्याआधी २०१६ सालीच जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ६५ अंशांहून गरम पेयं 'बहुधा कॅन्सरकारक' ठरवली होती. चहा काय, कॉफी काय, नुसतं पाणी काय! आपल्याकडे बशीत ओतून फुर्रकन चहा पिणाऱ्या आजोबांना नातवंडं हसतात. अन्ननलिकेच्या दृष्टीने आजोबांचंच बरोबर आहे. टपरीवर उकळता कटिंग घटाघट पिणाऱ्याने दोन मिनिटं थांबावं. आणि त्याच टपरीवर दुसऱ्या हातात सिगारेट किंवा गुटख्याची पुडी असेल, तर आधी तिचं बघावं. तिच्यापुढे चहाचं तापमान किरकोळ.

मागून एका ताईंचा प्रश्न: केमोची औषधं झाडांपासूनच येतात ना? हो, येतात. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन मिळतं. सह्याद्रीतल्या नरक्या नावाच्या झाडात कॅम्प्टोथेसिन असतं आणि त्यापायी ते झाड बेसुमार तोडलं गेलं. पण ती शुद्ध केलेली, मोजून शिरेतून दिलेली जहाल औषधं आहेत, झालेल्या कॅन्सरसाठी. सदाफुलीची पानं चावून कॅन्सर टळत नाही. उलट विषबाधा होईल.

शेवटचा प्रश्न फार नेमका आहे: घरात केमो चालू आहे, सोबत ग्रीन टीच्या गोळ्या द्याव्यात का? देऊ नका. मल्टिपल मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरसाठी बोर्टेझोमिब नावाचं औषध देतात. ईजीसीजी त्या औषधालाच जाऊन चिकटतं आणि ते निकामी करतं, असं २००९ साली प्रयोगशाळेत आणि उंदरांत दिसलं. तुमच्या रुग्णाचं औषध कुठलं ते मला माहीत नाही, म्हणून गोळ्या आजच बंद करा आणि पुढच्या खेपेला ती बाटली कॅन्सरच्या डॉक्टरांपुढे ठेवा. सकाळचा एक कप साधा चहा रुग्णाला रुचत असेल, तर तोही त्याच वेळी विचारून घ्या.